पाडव्याच्या संध्याकाळी माळव्याच्या आभाळात

२ एप्रिल २०२२ रोजी संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास इंदूरच्या आकाशातून एक पेटता गोळा गेला. त्याच्या मागे दुसरा, मग तिसरा, आणि सगळ्यांच्या मागे ठिणग्यांची लांबलचक शेपटी. पश्चिमेकडून आलेली ही रांग सावकाश पुढे सरकत आग्नेयेकडे दिसेनाशी झाली. धार, झाबुआ, बडवानी, खरगोन या जिल्ह्यांतून ती दिसली. सातपुड्यापलीकडे जळगाव, बुलढाणा, अकोला आणि पार चंद्रपूरपर्यंतच्या लोकांनीही ती पाहिली. तासाभरात मोबाइलवर घेतलेले व्हिडिओ घरोघरी फिरू लागले आणि बहुतेकांच्या तोंडी एकच शब्द होता : उल्का.

त्या संध्याकाळी इतक्या जणांचे डोळे आकाशाकडे कसे, याला पंचांगातच उत्तर होते. तो गुढीपाडव्याचा दिवस. राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगर अशा मराठी वस्तीच्या भागांत सकाळी उभारलेल्या गुढ्या सूर्यास्ताआधी उतरवायच्या असतात, म्हणजे गच्चीवर जाणे आलेच. त्याच संध्याकाळी रमजानचा चाँद बघायचा होता आणि दुसऱ्या दिवशी पहिला रोजा धरला गेला. चैत्री नवरात्रही त्याच दिवशी बसले होते. पाडवा अमावास्येच्या पाठोपाठ येतो, त्यामुळे त्या संध्याकाळी चांदण्याचा अडथळा नसतो. प्रतिपदेची बारीक कोर सूर्यामागोमाग मावळण्याच्या बेतात होती आणि संधिप्रकाश ओसरला होता. अर्ध्या शहराला आकाश बघण्याचे निमित्त मिळावे आणि नेमके तेव्हाच आकाशाने काहीतरी दाखवावे, असा योग क्वचितच जुळून येतो.

उज्जैनच्या जिवाजी वेधशाळेतून आलेला पहिला अंदाजही उल्केचाच होता. ते स्वाभाविक होते. हातात फक्त काही सेकंदांची चित्रफीत असताना आणि चहूकडून विचारणा होत असताना जे सर्वांत संभवनीय वाटते तेच सांगितले जाते. काही अभ्यासकांना मात्र वेगळी शंका आली. त्याच दिवशी, भारतीय वेळेनुसार संध्याकाळी, न्यूझीलंडहून एक रॉकेट उपग्रह घेऊन उडाले होते. त्याचा तर हा भाग नसेल? हीही अटकळ चुकीची ठरली, पण तिची दिशा बरोबर होती.

रात्री चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावातून बातमी आली. मोकळ्या जागेत धातूचे एक भलेमोठे कडे येऊन पडले होते, व्यास सुमारे ३ मीटर. पुढे त्याच तालुक्यातील पवनपार परिसरात धातूचा एक गोळाही सापडला. उल्केतून वर्तुळाकार, कडा घडवलेली पट्टी पडत नाही. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल पृथ्वीभोवतीच्या यानांची आणि त्यांच्या अवशेषांची नोंद ठेवतात. त्यांनी ओळख पटवली ती अशी : चीनच्या ‘चांग चेंग ३बी’ या रॉकेटचा तिसरा टप्पा, अनुक्रमांक वाय-७७, उड्डाण फेब्रुवारी २०२१. या टप्प्याचा व्यासही ३ मीटरच असतो. आपले काम उरकून तो चौदा महिने पृथ्वीभोवती लांबट कक्षेत फिरत राहिला. दर फेरीत पृथ्वीच्या जवळून जाताना विरळ हवेने त्याला थोडे थोडे अडवले, कक्षा आक्रसत गेली, आणि शेवटची फेरी माळवा-विदर्भाच्या डोक्यावरून झाली. गोळा होता तो इंधनप्रणालीतील वायू दाबाखाली साठवण्याच्या टाकीसारखा. इस्रोच्या तज्ज्ञांनी नंतर या वस्तूंची पाहणी केली.

म्हणजे इंदूरकरांनी पाहिली ती उल्का नव्हती. तरीही तेजस्वी उल्का पाहणे म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी या संध्याकाळीइतका चांगला धडा दुसरा नाही. खरे-खोटे वेगळे करायला दुर्बीण लागत नाही. लागतो तो फक्त घड्याळाचा काटा, आणि तोही मनातल्या मनात मोजलेला चालतो.

पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू वातावरणात शिरते तेव्हा तिचा वेग सेकंदाला जेमतेम ८ किलोमीटर असतो. सूर्याभोवती फिरणारा दगड पृथ्वीला भेटतो तो किमान ११ आणि जास्तीत जास्त ७२ किलोमीटर वेगाने. हा फरक डोळ्यांना लख्ख कळतो. उल्का बहुधा एक-दोन सेकंदांत संपते आणि फार मोठी असली तरी पाच-दहा सेकंदांत. रॉकेटचा तुकडा ७०० किलोमीटरचे आकाश ओलांडायला दीड मिनिट घेतो. इंदूरच्या गच्च्यांवर माणसांनी खिशातून मोबाइल काढला, कॅमेरा सुरू केला, घरातल्यांना हाका मारल्या, आणि तरी ते दृश्य संपले नव्हते. खऱ्या उल्केने एवढी सवड दिली नसती. तिचे चित्रण होते ते आधीपासूनच चालू असलेल्या यंत्रांकडून : दुकानाबाहेरचा सीसीटीव्ही, गाडीच्या काचेमागचा कॅमेरा.

दुसरी खूण दिशेची. पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फिरण्याचा फायदा मिळावा म्हणून रॉकेटे बहुतेक पूर्वेकडे सोडली जातात. काही ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षांत दक्षिणोत्तर जातात. पूर्वेकडून पश्चिमेला जाणारा अवशेष जवळजवळ दिसतच नाही. उल्केला असा निर्बंध नाही, ती कुठूनही कुठेही जाते. पाडव्याची रांग पश्चिमेकडून पूर्वेच्या बाजूला गेली होती, म्हणजे ही खूणही रॉकेटच्याच बाजूची. तिसरी खूण तुकड्यांची. टाक्या, कडी, इंजिन, पत्रा यांचे वजन आणि आकार वेगवेगळे असल्याने हवा त्यांना कमीअधिक अडवते, म्हणून ते एकामागोमाग रांग धरतात आणि बराच वेळ एकाच वेगाने जाताना दिसतात.

एवढे सांगूनही अपवाद राहतोच. १० ऑगस्ट १९७२ रोजी अमेरिकेतील युटापासून कॅनडातील अल्बर्टापर्यंत भरदिवसा एक अग्निगोल दीड मिनिटाहून जास्त काळ दिसला. तो खराखुरा अवकाशातला दगड होता. जमिनीपासून ५७-५८ किलोमीटरपर्यंत खाली उतरून तो पुन्हा अवकाशात निघून गेला. अशा पृथ्वीला चाटून जाणाऱ्या उल्का विरळा असतात, पण त्या आहेत, म्हणून नुसत्या वेळेवर निकाल देऊ नये. वेळ, दिशा आणि तुकड्यांची चाल या तिन्ही गोष्टी एकत्र धराव्यात.

आता खरी तेजस्वी उल्का. शुक्रापेक्षा जास्त तेजाने चमकणाऱ्या उल्केला अग्निगोल म्हणतात. ती बघणाऱ्याला वाटते की काहीतरी प्रचंड कोसळते आहे. प्रत्यक्षात पुष्कळदा तो बोराएवढा किंवा लिंबाएवढा खडा असतो. एवढ्याशा खड्यात इतका उजेड कुठून येतो, याचे उत्तर वेगात आहे. मिथुन राशीतून येणाऱ्या उल्का सेकंदाला ३५ किलोमीटर वेगाने येतात. अशा एका ग्रॅमच्या कणात सुमारे सहा लाख ज्यूल ऊर्जा असते. टनभर वजनाची मोटार बायपासवरून ताशी १२६ किलोमीटर वेगाने धावत असेल तर तिच्यातही तेवढीच असते, आणि ती सगळी मोटार एका सेकंदात उजेडात आणि उष्णतेत विरघळली असे समजायचे. हवेशी घासून उल्का पेटते असे शाळेच्या पुस्तकांत असते, ते अर्धेच खरे आहे. पुढच्या हवेला बाजूला व्हायलाच वेळ मिळत नाही. ती दगडापुढे दाबली जाते आणि काही हजार अंशांपर्यंत तापते. त्या तापाने दगडाचा पृष्ठभाग वितळून, वाफ होऊन मागे निघून जातो. जो गोळा आपल्याला दिसतो तो दगड नव्हेच. दगडाभोवती उकळलेली हवा आणि दगडाची वाफ दिसते.

म्हणूनच रंगही दिसतात. मॅग्नेशियमचा हिरवट-निळा, सोडियमचा नारिंगी-पिवळा, कॅल्शियमचा जांभळट, आणि तापलेल्या नायट्रोजन-ऑक्सिजनचा लाल. वेगवान उल्केत हवेचे रंग जास्त उठून दिसतात, मंद उल्केत दगडाचे. ‘आधी हिरवी दिसली, मग पांढरी, शेवटी लालसर’ असे सांगणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

एका मोठ्या अग्निगोलाचा घटनाक्रम जवळून पाहावा असा असतो. सुमारे १०० किलोमीटर उंचीवर तो एखाद्या साध्या ताऱ्यासारखा उगवतो. पहिल्या सेकंदात लक्षही जात नाही. दुसऱ्या सेकंदाला जमिनीवर सावल्या पडतात आणि त्या सरकू लागतात. गच्चीच्या कठड्याची सावली फरशीवरून फिरते, पाण्याच्या टाकीची सावली शेजारच्या भिंतीवर चढते. आकाशाकडे पाठ असलेली माणसे याच क्षणी वळतात. मग एक-दोन भडके उडतात. दगड हवेच्या दाबाखाली फुटतो आणि एकदम जास्त पृष्ठभाग उघडा पडतो, म्हणून हे भडके. आणि २०-३० किलोमीटर उंचीवर सगळे विझते. आकाशात धुराची वाकडी रेघ उरते, तीही वरच्या वाऱ्याने नागमोडी होत जाते.

यानंतरची शांतता फसवी असते. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ३० किलोमीटर उंचीवरून सरळ खाली यायलाही त्याला दीड मिनिट लागते. आणि उल्का बाजूला असेल तर तीन-चार मिनिटे. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर सुमारे २० मीटर आकाराचा दगड फुटला तेव्हा हेच घडले. लखलखाट पाहून लोक काय झाले ते बघायला खिडक्यांशी गेले, आणि मग दणका आला. जखमी झालेल्या सुमारे दीड हजार लोकांपैकी बहुतेकांना काचा लागल्या होत्या. डोळे दिपवणारा अग्निगोल दिसला तर खिडकीपासून दूर व्हावे, ही सूचना तेव्हापासून गंभीरपणे दिली जाते.

काही साक्षीदार मात्र उजेड दिसत असतानाच आवाज आल्याचे सांगतात : चरचर, सरसर, तळणीत काही टाकल्यासारखे. १७१९ मधल्या एका अग्निगोलाच्या हकिगती जमवताना एडमंड हॅली यांनी असे आवाज कल्पनेचे खेळ म्हणून बाजूला ठेवले होते, आणि ध्वनीच्या वेगाचा हिशेब बघता त्यांची चूक म्हणता येत नाही. पण हकिगती येतच राहिल्या. विसाव्या शतकाच्या अखेरीस कॉलिन की या शास्त्रज्ञाने रेडिओलहरींचे स्पष्टीकरण पुढे केले. २०१७ मध्ये दुसरे आले : अग्निगोलाचा उजेड वेगाने कमीजास्त होतो, त्याने पाने, केस, कापड अशा हलक्या गडद वस्तू क्षणाक्षणाला तापतात आणि त्यांच्यालगतची हवा थरथरते. वाद अजून मिटलेला नाही. पण ऐकणाऱ्याला वेड्यात काढायचे दिवस गेले, एवढे नक्की.

अंतराच्या बाबतीत मात्र साक्षीदाराचे काही ऐकू नये. पाडव्याच्या संध्याकाळी ठिकठिकाणी लोकांनी सांगितले की गोळा जवळच पडला, शेजारच्या शेतात पडला. इंदूरच्या आग्नेयेला रालामंडलची टेकडी आहे. त्या बाजूला मावळलेला कोणताही प्रकाश टेकडीमागेच कोसळला असे वाटणार. पण लाडबोरी तिथून सरळ रेषेत पावणेपाचशे किलोमीटर आहे. ८० किलोमीटर उंचीवरची वस्तू क्षितिजापासून दहा अंशांवर दिसत असेल, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीच्या उंचीइतकी वर असेल, तर ती जवळजवळ चारशे किलोमीटर दूर असते. डोळ्यांना एवढ्या अंतराचा अदमास नसतो. झाड, टेकडी, ढग याच त्यांच्या ओळखीच्या पायऱ्या, आणि त्यापलीकडची प्रत्येक गोष्ट ते शेवटच्या पायरीवर ठेवतात. ‘झाडाच्या शेंड्याला लागून गेली’ ही साक्ष खोटी नसते. तिच्यातला झाडाचा शेंडा कोन सांगतो आणि तो कोन उपयोगाचा असतो.

किती उपयोगाचा, ते गुजरातेत दिसून आले. २८ जानेवारी १९७६ च्या रात्री सुरेंद्रनगर जिल्ह्यातील धजाला गावाच्या परिसरात अशनींचा, म्हणजे आकाशातून पडणाऱ्या दगडांचा, पाऊस पडला. त्या अग्निगोलाचे नीट छायाचित्र नव्हते. संशोधकांनी गावोगावच्या लोकांना गाठून, ते कुठे उभे होते, गोळा कोणत्या छपरावरून आला आणि कोणत्या झाडामागे गेला हे विचारले. दोन ठिकाणांहून घेतलेले कोन जुळवले की आकाशातली रेषा मिळते, आणि रेषा व वेग मिळाला की दगडाची सूर्याभोवतीची मूळ कक्षा काढता येते. धजालाची अशी कक्षा १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली. साध्या माणसांच्या बोलण्यातून मंगळापलीकडच्या लघुग्रहांच्या पट्ट्यापर्यंत पोचता येते, ही गोष्ट अजूनही थक्क करते.

माळव्यात या निरीक्षणाची परंपरा फार जुनी आहे. इंदूरपासून ५५ किलोमीटरवरच्या उज्जैनीशी ज्याचे नाव जोडलेले आहे त्या वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिता’ रचली. तिच्यात उल्कालक्षणाचा स्वतंत्र अध्याय आहे. स्वर्गात पुण्यफळ भोगून खाली येणाऱ्यांची ही रूपे, असे आरंभी सांगून ग्रंथकार लगेच वर्गवारीला लागतो. धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत आणि तारा असे पाच प्रकार. तारा हातभर लांब, पांढरी किंवा तांबूस, कमळाच्या तंतूसारखी बारीक, आडवी, खाली किंवा वरही जाणारी. धिष्ण्या कृश, थोडक्या शेपटीची, पेटत्या निखाऱ्यासारखी. उल्का डोक्याशी रुंद, खाली येताना वाढणारी, मागे पातळ शेपूट. विद्युत तडतड आवाज करीत, वाकडी-तिकडी पडणारी. आणि अशनी मोठ्या गर्जनेसह, चक्रासारखी, माणसे-हत्ती-घोडे-घरे-झाडे यांच्यावर पडून जमीन फाडणारी.

यातली विद्युत ही वीजच असावी असे म्हणता येते, अशनीतही विजेचा अंश मिसळलेला दिसतो. पण बाकीचे वर्णन कोणीतरी वर्षानुवर्षे आकाशाखाली बसून केलेले आहे. वर जाताना दिसणारी उल्का ही नोंद पुस्तकात बसून सुचत नाही. उल्का आकाशातल्या ज्या जागेतून निघाल्यासारख्या वाटतात तो उगमबिंदू क्षितिजाजवळ असताना त्या खरोखरच खालून वर जाताना दिसतात. डोक्याशी रुंद आणि मागे निमुळती हा आकारही आजच्या छायाचित्रांशी जुळतो. पुढे ग्रंथ शुभाशुभाकडे वळतो : उल्का आणि धिष्ण्येचे फळ पंधरा दिवसांत, अशनीचे पंचेचाळीस, विद्युत आणि तारेचे सहा दिवसांत. हा भाग आजच्या वाचकाने ओलांडून जावा. तसे पाहिले तर तुटता तारा दिसताच डोळे मिटून काही मागायचे, ही सिनेमाने रुजवलेली रीत वराहमिहिराच्या फळांपेक्षा फारशी शहाणी नाही, आणि त्यात उल्का बघायची राहते ती वेगळीच.

अशनी म्हणजे वरून पडणारी जड वस्तू, हे भारतात गृहीत होते. १६२१ मध्ये जालंधरजवळ पडलेल्या लोखंडापासून जहांगीर बादशहाने तलवारी आणि खंजीर घडवून घेतले आणि आपल्या आत्मचरित्रात ते लिहून ठेवले. युरोपातल्या विद्वानांना मात्र आकाशातून दगड पडतात हे अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पटत नव्हते. क्लाड्नी या जर्मन शास्त्रज्ञाने १७९४ मध्ये तसे लिहिले तेव्हा त्याची टिंगल झाली. मत बदलायला ज्या दगडांची मदत झाली त्यांत बनारसजवळचा दगड महत्त्वाचा. १९ डिसेंबर १७९८ च्या संध्याकाळी तिथे मोठा अग्निगोल दिसला, गडगडाट झाला आणि शेतांत दगड सापडले. त्यांचे नमुने लंडनला गेले. एडवर्ड हॉवर्ड यांनी १८०२ मध्ये ते इतर देशांतल्या दगडांशी ताडून पाहिले आणि सगळ्यांत निकेलमिश्रित लोखंड आढळले. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये ल’एग्ल गावी हजारो दगड पडले आणि वाद संपला. अशनींच्या जागतिक यादीत १८२७ सालचा ‘महू’ नावाचा एक दगड आहे. इंदूरकरांनी त्यावर हक्क सांगू नये. ते महू इंदूरजवळचे नव्हे, उत्तर प्रदेशातले, जुन्या आझमगढ जिल्ह्यातले.

मराठी मुलखाचा अलीकडचा दगड काटोलचा. २२ मे २०१२ रोजी भर दुपारी नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात स्फोटासारखे आवाज झाले आणि शहरात व आसपास काळपट कवचाचे तुकडे पडले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ते गोळा केले. देशात पडलेल्या अशनींची जपणूक हीच संस्था करते. या तुकड्यांत आयआयटी खरगपूरच्या आणि इतर संशोधकांना ब्रिजमनाइट हे खनिज सापडले आणि २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झाले. पृथ्वीच्या खालच्या प्रावरणाचा बराचसा भाग याच खनिजाचा आहे, पण तो शेकडो किलोमीटर खोल, तिथवर हात पोचत नाही. अवकाशात कधीकाळी झालेल्या टकरीच्या दाबाने ते काटोलच्या दगडात तयार झाले होते आणि आयतेच घरी आले.

असा दगड पडला की तो लालबुंद असेल असे सगळ्यांना वाटते. तो तसा नसतो. २० किलोमीटरच्या खाली आल्यावर त्याचा मूळ वेग संपलेला असतो. उजेड विझतो आणि शेवटचा टप्पा तो अंधारात, साध्या पडत्या दगडासारखा काटतो. यात दोनेक मिनिटे जातात. वितळलेला थर आधीच हवेने पुसून नेलेला असतो आणि आतला गाभा अवकाशातला थंडावा घेऊनच येतो. म्हणून हातात घेताना तो कोमट किंवा थंडच लागतो. बाहेरून पातळ काळे कवच, फुटल्या जागी करडा रंग, आकाराच्या मानाने जास्त वजन आणि बहुतेकदा लोहचुंबकाला प्रतिसाद, या त्याच्या खुणा. माळव्यात शोधणाऱ्याची पंचाईत होते, कारण इथला काळा बेसाल्टही जड असतो आणि चुंबकाला थोडाफार ओढतो. बेसाल्टच्याच थरात झालेले मोठ्या अशनीचे काम बघायचे तर इंदूरच्या दक्षिणेला सरळ रेषेत तीनशे किलोमीटरवर लोणार आहे : १.८ किलोमीटर व्यासाचे विवर, वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. मध्य प्रदेशातच शिवपुरी जिल्ह्यात ढाला येथे याहून कितीतरी मोठे आणि जुने विवर आहे, पण ते इतके झिजले आहे की भूवैज्ञानिकाने दाखवल्याशिवाय दिसत नाही.

अग्निगोल वेळ सांगून येत नाही, उल्कावर्षाव येतो. त्यातही इंदूरच्या वाट्याला सगळे येत नाहीत. ऑगस्टच्या १२-१३ तारखेचा ययाती तारकासमूहाचा वर्षाव जगभर गाजतो, पण तेव्हा माळव्यावर ढग दाटलेले असतात. नोव्हेंबरच्या मध्यात सिंह राशीतल्या उल्का येतात, सेकंदाला ७१ किलोमीटर वेगाच्या, पण एरवीच्या वर्षी संख्येने थोड्या. खरा भरवशाचा तो १३-१४ डिसेंबरचा मिथुनेचा. त्याचा उगमबिंदू पुनर्वसूच्या जोडीतल्या वरच्या ताऱ्याजवळ आहे. फेथॉन नावाच्या लघुग्रहाने मागे टाकलेला चुरा या रात्री पृथ्वीच्या वाटेत येतो. पूर्ण अंधाऱ्या आकाशात, उगमबिंदू डोक्यावर असताना, ताशी शंभराहून अधिक उल्का पडतात. राजवाडा-सराफ्याच्या झगमगाटातून त्यांतल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच दिसतील. महूपलीकडे जानापावच्या टेकडीकडे किंवा चोरलच्या बाजूला गेले तर चित्र पालटते.

रात्री आठ-नऊला मिथुन रास पूर्वेला वर येते तेव्हा उल्का कमी असतात, पण लांबच लांब जातात, कारण त्या वातावरणात तिरप्या शिरतात. मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास पुनर्वसू माथ्यावर आला की संख्या वाढते आणि लांबी घटते. दिपवणारा अग्निगोल दिसलाच तर चार गोष्टी टिपाव्यात : किती सेकंद दिसला, कुठल्या ताऱ्यांजवळून निघून कुठे विझला, मुठींच्या मापाने क्षितिजापासून किती वर होता, आणि आवाज आला तर किती वेळाने. आंतरराष्ट्रीय उल्का संघटना अशा नोंदी कुणाकडूनही स्वीकारते. दोन गावांतून दोन नोंदी गेल्या तरी रेषा काढायला सुरुवात होते. आणि तो प्रकाश मिनिटभर रेंगाळत, रांग धरून पूर्वेकडे गेला असेल तर मॅकडॉवेलसारख्यांच्या यादीत आधी शोधावे, कारण निकामी झालेले टप्पे अजूनही शेकड्यांनी वर फिरत आहेत.